माडावरचा मालक

गेल्या श्रावणात आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी मंगळागौर होती. नारळ हवेत म्हणून आम्ही पाडेल्यास ओल्या माडावर घाईने चढविले. तो घसरला व हात मोडून बसला. औषधपाण्याचा खर्च देऊन आम्ही उदारपणाचे समाधान मानले!

पुढे कायदा चाळला. १९२३ च्या कायद्याने जखमी कामगारास मालकाकडून भरपाई मिळू लागली. परंतु माडागणिक पैसे घेऊन दारोदार फिरणाऱ्याचा मालक कोण? तो स्वतःच! अशांसाठी नारळ विकास मंडळाची विमायोजना आहे. ती त्याला ठाऊक नव्हती, आणि आम्हां सुशिक्षितांसही नव्हती.

यंदा आधी त्याचा विमा उतरविला. मंगळागौरीच्या आदल्या दिवशी पाऊस लागला, तेव्हा "राहू दे, नारळ बाजारातून आणू," असे आम्हीच म्हटले. पूजेत काही उणे पडले नाही.