भाड्याच्या पावतीवरील नांव

वरळीहून धाकट्या भावानें हक्कसोडपत्राचा कागद पाठविला, त्याला आज तीन आठवडे झाले. बी. डी. डी. चाळींतील आमच्या वडिलांच्या खोलीबद्दल आतां नवें घर मिळावयाचें आहे; माझ्या सहीखेरीज तें भावाच्या एकट्याच्या नांवें होत नाहीं. तो तेथेंच राहिला, मीं नगरास मास्तरकी केली. सही करण्यास वस्तुतः कांहींच हरकत नाहीं. तरी लेखणी हातीं घेतली कीं दुसऱ्याच एका माणसाची मुद्रा पुढें उभी राहते.

मुंबईच्या विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें एकूण २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची. नळ व शौचकूप सामाईक. आमच्या खोलींत वडील धरून बारा गडी राहात, सारे पारनेर तालुक्यांतले. एवढ्या जागेंत बारा जण मावत कसे, असें वाचक विचारतील. ते सारे एका वेळीं तेथें नसतच. रात्रपाळीचा गडी उठून गेला कीं दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. प्रत्येकाची मालकी म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि दोरीवरची हातभर जागा. भाडें सर्वांच्या वर्गणीचें. पावती मात्र एकाच नांवानें फाटे, आणि तें नांव आमच्या वडिलांचें होतें.

लहानपणीं मला वाटे कीं मुंबई आमच्या गांवाला पोसते. मनिऑर्डर आली कीं आई देवापुढें साखर ठेवी. पुढें हिशेब करूं लागलों तेव्हां दुसरी बाजू दिसली. पारनेर हा पर्जन्यछायेंतला मुलूख; बाजरी पिकली तर पिकली. तरी कामगारांचीं बायकामुलें त्याच बाजरीवर जगत, आजारी गडी गांवींच येऊन पडे, आणि म्हातारपण तर गांवाचेंच. गिरणीनें एका माणसाच्या पोटापुरतें वेतन दिलें तरी भागे. त्याच्या कुटुंबाच्या घराचा खर्च तिच्या हिशेबांत कधीं आलाच नाहीं. तो आमच्या कोरडवाहू रानांनीं सोसला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत भावकींतले तात्या खोलीवर आले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगारांची रोजी थांबली. वडील खचून गांवीं परतले. पुढचें दीड वर्ष तात्यांनीं बाजारांत हमाली करून खोलीचें भाडें भरलें. पावती वडिलांच्याच नांवची. मग भावाचें लग्न ठरलें. नव्या संसारांत चुलत्याचीही अडचण वाटूं लागली. तात्यांस तसें सांगण्याचें काम घरांतला शिकलेला म्हणून मजकडे आलें, आणि मीं तें चोख बजाविलें. त्यांनीं पेटी उचलली व एवढेंच म्हटलें, "बरं झालं गुरुजी, मलाबी गावाची ओढ लागलीच होती."

गिरण्यांच्या जागीं आतां काचेचे मनोरे उभे आहेत, आणि जी जमीन मजुरांच्या झोपेपुरती मानली जाई तिला सोन्याचें मोल आलें आहे. पात्र भाडेकऱ्यास जुन्या खोलीबद्दल ५०० चौरस फुटांचें मालकीचें घर विनामूल्य मिळतें. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या कांहीं कुटुंबांच्या हातीं किल्ल्या पडल्या. तीन पिढ्यांनीं दाटींत काढलेल्या दिवसांचें हें फळ आहे. त्याबद्दल कोणी खंत करूं नये. परंतु पात्रता कागदावरून ठरते. कायद्याला एक नांव पुरतें, आणि त्यालाही इलाज नाहीं. उरलेल्या अकरा जणांची नोंद ठेवणें हें काम कायद्याचें नव्हे, आमचें होतें.

गेल्या रविवारीं पारनेरकडे गेलों आणि तात्यांस सारें सांगितलें. ते आतां पंचाहत्तरीचे आहेत. हक्काविषयीं ते चकार शब्द बोलले नाहींत. त्यांनीं विचारलें, "कितवा मजला?"

"अठरावा."

"मग पाणी चढतंय का वर?"

चढतें, असें मीं सांगितलें. "मग झालं," म्हणून ते समाधानानें हंसले. पहांटे चारला उठून ते सर्वांसाठीं नळावर बादल्या लावीत, तें मला तेव्हां आठवलें.

आज कागदावर सही केली. सोबत भावाला लिहिलें कीं, माझा हिस्सा तुला आनंदानें सोडला आहे. पण तात्यांचें दीड वर्षाचें भाडें आजच्या मोलानें आपण दोघांनीं फेडावयाचें आहे. त्यांना खोलींतून जावयास सांगणारा मी; तेव्हां पहिला हप्ता माझ्या निवृत्तिवेतनांतून जात आहे.