दोनदा चाळीस!

सुनेनं सासूसाठी आणलेल्या चिठ्ठीवर होतं: एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, रक्ताची गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. मी म्हणालो, "ताई, हे दिवसातून एकदाच असतं. थांबा, डॉक्टरांना विचारतो." लासूर स्टेशनला इतकी वर्षं मेडिकल चालवतोय. संभाजीनगरहून गुडघ्याची वाटी बदलून आलेला पेशंट म्हटलं की ४० एकदा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. फोन लावला. पलीकडून उलट मलाच प्रश्न, "सासूबाईंचं वजन विचारलंत का?"

११२ किलो! उंची १६० सेंटिमीटर.

पुढची दहा मिनिटं गिऱ्हाइकं खोळंबली आणि मी फोनला चिकटून उभा. ऑपरेशननंतर पडून राहिलं की पोटरीतलं रक्त मंदावतं, गुठळी धरते, ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. वजन जास्त तेवढा धोका जास्त. हे मला ठाऊक होतं. पण गुठळी झाल्यावर जे औषध आपण किलोमागे १ मिलिग्रॅम मोजून देतो, तेच गुठळी होऊ नये म्हणून देताना सगळ्यांना सरसकट ४०! पन्नास किलोच्या बाईलाही ४० आणि या मावशींनाही ४०. रोज खोकी हातात घेऊन हे मला कधी दिसलंच नव्हतं!

मी घाईनं म्हणालो, "म्हणजे वजन दुप्पट तर डोस दुप्पट." "तसं नाही," डॉक्टर म्हणाले. आणि खरी गंमत इथेच आहे! चरबीत रक्तवाहिन्या कमी असतात आणि हे औषध फिरतं रक्तात. याच उंचीच्या ५६ किलोच्या बाईच्या अंगात साधारण ४ लिटर रक्त असेल, तर ११२ किलोच्या बाईच्या अंगात साडेपाच लिटरच्या आसपास. वजन दुप्पट, रक्त दीडपटही नाही! म्हणून एकच ४० अपुरं पडू शकतं, आणि नुसतं वजन बघून वाढवत गेलं तर रक्तस्रावाची भीती. बीएमआय ४० च्या वर गेला की बरेच डॉक्टर ४० दोनदा देतात, काही जण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम धरतात. शंका असेल तर इंजेक्शननंतर ४ तासांनी रक्तात औषधाचा असर किती ते दाखवणारी अँटी-टेन-ए चाचणी करतात, आकडा ०.२ ते ०.५ मध्ये आला की जमलं. मूत्रपिंड अधू असेल तर हिशेब पुन्हा बदलतो, कारण औषध बाहेर पडतं तिथूनच.

संध्याकाळी स्वतः घरी गेलो. मावशींच्या बेंबीपासून दोन इंच लांब पोटाची घडी धरायला सुनेला शिकवलं. ती सिरिंज उभी धरून बुडबुडा काढायला निघाली, तेवढ्यात थांबवलं. तो बुडबुडाच शेवटचा थेंब आत ढकलतो! टोचल्यावर चोळायचं नाही. सकाळी उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे.

दुकान बंद करताना एकदम आठवलं, २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी हॉस्पिटलात आलेली इजिप्तची इमान अहमद. सुमारे ५०० किलो! क्रेननं पलंगासकट वर घेतलेली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तेव्हा मी फक्त क्रेन बघत बसलो होतो. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, म्हणजे गुठळीची भीती असणारच. मग तिला किती दिलं असेल? कशावरून ठरवलं असेल?

शटर अर्धंच ओढलं होतं. तसाच उभा राहून पुन्हा फोन लावला.