चुकीच्या जागी लावलेला जॅक

माझ्या गाडीला कंपनी नाही. बॉनेटवर बिल्ला नाही, सर्व्हिस सेंटरचा नंबर नाही. पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी तुकड्यावर बसतं, तो जुन्या फोर्ड कॉर्टिनाचा. त्याला खालून धरणारा बॉल जॉइंट ऑस्टिन मॅक्सीचा आणि वरून धरणारा ट्रान्झिट व्हॅनच्या स्टिअरिंगमधला. कॉर्टिना १९८२ मध्ये बंद झाली, मॅक्सी त्याच्या एक वर्ष आधी. मेलेल्या गाड्यांचे अवयव जोडून केलेली ही गाडी मी कॉव्हेंट्रीजवळच्या एका आजोबांकडून विकत घेतली.

इंग्लंडात याला किट कार म्हणतात. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे कॉलिन चॅपमनची १९५७ ची लोटस सेव्हन. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने अवघ्या २५० पौंडांत घरी स्पोर्ट्स कार कशी बांधायची, याचं पुस्तक लिहिलं आणि गॅरेजागॅरेजात वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. २५० पौंडांत कुणाची झाली असेल देव जाणे. माझी तर चारचौघांत आकडा सांगायची सोय नाही.

मी सांगलीला मेकॅनिकल केलं आणि बॅचमधल्या निम्म्या पोरांसारखा थेट आयटीत गेलो. नकल जॉइंटचं अर्धं सेक्शन मी अजूनही डोळे मिटून काढेन. पण खरा सांधा उघडायला हातात पाना घेतला तो इथे येऊन, अठ्ठाविसाव्या वर्षी.

बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्यासारखा प्रकार. वाटीत गोळा, गोळ्याला दांडा, वरून रबरी बूट. चाक वरखाली होतं, डावीउजवीकडे वळतं, ते याच्या जिवावर. बूट ग्रीस आत ठेवतो आणि पाणी, माती बाहेर. तो फाटला की हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि बारीक खडी आत शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि वळणावळणाला वाटी घासत बसते. आवाज होत नाही, दिवा लागत नाही. या गाडीत तसंही दिवे दोनच.

गेल्या वर्षीच्या एमओटी तपासणीत डावीकडच्या खालच्या बूटाबद्दल किरकोळ दोष लिहून आला होता. गाडी पास. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. ऑफिसात ज्याला आम्ही ‘नंतर बघू’ म्हणतो, तसा.

ऑगस्टमध्ये आवाज सुरू झाला. खड्ड्यातून जाताना टक्. पुढच्या शनिवारी बायकोला घेऊन पीक डिस्ट्रिक्टला जायचं ठरलं होतं. शुक्रवारी रात्री मी चॅसिसखाली जॅक लावला, डावं चाक उचललं, वर आणि खाली हात धरून हलवलं. ढिम्म. मग सीटचाच आवाज असेल, असं ठरवून मी जेवायला गेलो. ठरवलं, हाच शब्द बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या उतारांवर ती शेजारी बसून फोटो काढत होती, आणि प्रत्येक टक् बरोबर माझे हात स्टिअरिंगवर घट्ट होत होते.

तो जॉइंट सुटला असता तर? चाक खालून मोकळं होऊन आडवं पडतं, गाडी त्या बाजूला खाली बसते. ब्रेक दाबून फार काही हाती लागत नाही.

ऑक्टोबरात वर्कशॉप मॅन्युअल चाळताना चूक कळली. माझ्या गाडीत स्प्रिंग खालच्या विशबोनवर टेकते. चॅसिस उचलली की चाक लोंबतं, स्प्रिंग विशबोनला खाली दाबत राहते आणि त्या ताणात जॉइंटमधला प्ले लपतो. जॅक खालच्या विशबोनखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावायला हवा. मी घेतलेली चाचणी अशी होती की तिच्यात दोष सापडूच नये. असं टेस्टिंग ज्युनिअरने केलं असतं तर मी मीटिंगमध्ये त्याची चामडी सोलली असती.

हे एकट्याचं काम नाही. बायकोला हाक मारली. तिने टायरखाली टॉमी घालून हलकेच उचकलं, मी सांध्यावर बोट ठेवलं.

“परत.”

बोटाखाली गोळा वर गेला, खाली आला. दोन मिलिमीटर असेल. तिला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि टॉमी मी घेतली. बेअरिंगचा प्ले असता तर गेला असता. तो तसाच.

पुढचा दीड तास घामाचा. गाडी स्टँडवर घेतली, कारण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालणं म्हणजे मूर्खपणा. जॅक विशबोनखाली तसाच ठेवला, नाहीतर सांधा सुटताच स्प्रिंग विशबोनला फाडकन खाली ढकलते. नट काही आटे सैल केला, पण काढला नाही. निमुळता दांडा निमुळत्या भोकात इतका रुतलेला असतो की नट काढला तरी हलत नाही. पुलर लावून ताण दिला, तरी नाही. मग जुना उपाय: भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन हातोड्या, एकाच वेळी. चौथ्या ठोक्याला फट्कन आवाज आला आणि दांडा सुटला. जुना जॉइंट आट्यांवरून फिरवून काढला. गोळा एका बाजूने आरशासारखा आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी झाला होता.

नवा बसवताना दांडा नटाबरोबर गरगर फिरायला लागला. खालून जॅकने किंचित दाब दिल्यावर थांबला. नायलॉनवाला नट नवाच घेतला, जुना परत वापरायचा नाही. वरचा सांधाही जुनाच होता, तोही बदलला. तो विशबोनमध्ये आट्यांनी जातो आणि किती आत गेला त्यावर चाकाचा कल ठरतो, म्हणून काढताना फेरे मोजले: साडेचौदा. मार्करने विशबोनवर लिहून ठेवले. कल परत मोजून घ्यायचाच, पण निदान तिथवर गाडी सरळ जाईल.

बायको जुना जॉइंट हातात घेऊन दांडा हलवत होती. तो कसलाही विरोध न करता लुळा पडत होता.

“हा पीक डिस्ट्रिक्टला गेलो तेव्हाही असाच होता?”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

मी हात पुसत होतो. आधीच पुसलेले.

“आवाज येत होता. तपासलं होतं, पण चुकीचं तपासलं.”

“आणि गेल्या वर्षीच्या कागदावर काय होतं?”

तिने ड्रॉवर कधी उघडला होता, मी विचारलं नाही. जॉइंट बाकावर ठेवून तिने टॉमी उचलली आणि उजव्या चाकाजवळ जाऊन बसली.

“जॅक आण,” ती म्हणाली. “आणि या वेळी बोट मी ठेवणार.”