रेंज

चंद्रपूर-गडचिरोलीत ‘रेंज’ म्हटले की आधी जंगल येते. वनखात्याच्या मांडणीत वर विभाग, त्याखाली रेंज, रेंजमध्ये राऊंड आणि शेवटी वनरक्षकाचे बीट. सरकारी कागदावर ते वनपरिक्षेत्र असते. लोकांच्या तोंडी मोहर्ली रेंज, आलापल्ली रेंज, आणि तिथला अधिकारी म्हणजे रेंजर साहेब. वाघाने गाय मारली, मोहफुले वेचताना कुणी अस्वलाच्या तावडीत सापडले, की पंचनाम्यासाठी पाय वळतात ते रेंज ऑफिसकडे. जंगलालगतच्या माणसाचा सरकारशी जो संबंध येतो, तो बहुतेक वेळा याच दारात.

डोंगरांना मात्र हा शब्द चिकटला नाही. सुरजागड, टिपागड हे पहाडच राहिले.

वाघाची रेंज निराळी. अभ्यासक रेडिओ कॉलर लावून त्याची ‘होम रेंज’ काढतात: तो जिथे शिकार करतो, पाणी पितो, जोडीदार शोधतो तेवढा मुलूख. एका नराच्या रेंजमध्ये बहुधा दोन-तीन माद्यांच्या रेंज सामावतात. १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या ताडोबा-अंधारीचे क्षेत्र बफर धरून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. पण आईपासून सुटलेल्या तरुण वाघाला तिथे मोकळी जागा मिळेलच असे नाही. तो बाहेर पडतो आणि ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांधांपर्यंत पोचतो. खात्याने नाला आणि रस्ता पाहून आखलेली रेंज आणि वाघाने स्वतः धरलेली रेंज जिथे जुळत नाहीत, तिथेच गुराखी आणि वाघ समोरासमोर येतात.

पोलिसांच्या बोलण्यात रेंज म्हणजे गोळीचा पल्ला, किंवा नेमबाजीच्या सरावाचे मैदान.

आज सर्वांत जास्त ऐकू येते ती मोबाइलची रेंज, आणि तीही ‘नाही’ला जोडून. भामरागड, एटापल्लीकडे दूरच्या गावांत रुग्णवाहिका बोलवायची, तर आधी रेंज मिळणारा उंचवटा गाठावा लागतो. इथे वनखात्याची आणि मोबाइलची अशा दोन्ही रेंज एकमेकींत अडकतात. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. त्याने धान तुडवले, घरे पाडली. असा कळप रातोरात एका रेंजमधून दुसरीत शिरला, तर पुढच्या गावाला वेळेवर कळणे हा जिवाचा प्रश्न असतो. फोन लागत नसेल, तर वनरक्षकाला मोटरसायकल काढून स्वतःच निरोप पोचवावा लागतो.