टन म्हणजे नेमका किती?

‘टन’ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. ऊस टनावर विकला जातो, ट्रकचा भार टनात सांगतात, आणि घरातला एसीसुद्धा दीड टनाचा असतो. शब्द एकच, म्हणून मापही एकच असणार असे आपण धरून चालतो. गंमत अशी की तसे नाही.

टन निदान तीन आहेत. ऊस कारखान्याच्या काट्यावर चढतो तो दशमान टन, १००० किलोचा, म्हणजे सुमारे २२०४.६ पौंडांचा. दुसरा इंग्रजांचा जुना टन. १४ पौंडांचा एक स्टोन, ८ स्टोनचा एक हंड्रेडवेट (नावात शंभर, वजनात ११२ पौंड!) आणि २० हंड्रेडवेटचा एक टन. झाले २२४० पौंड, म्हणजे आपले १०१६ किलो. तिसरा अमेरिकेचा. त्यांनी हंड्रेडवेट खरोखरच १०० पौंडांचा धरला, म्हणून त्यांचा टन २००० पौंडांचा, ९०७ किलोचा. इंग्रजीत दशमान टनाच्या स्पेलिंगला शेवटी दोन अक्षरे जास्त असतात, त्यामुळे कागदावर तरी तो वेगळा ओळखता येतो. देवनागरीत मात्र तिन्ही टन तिळ्या भावंडांसारखे दिसतात.

ब्रिटिश काळातल्या अहवालातले १०० टन कोळसा म्हणजे आजचे १०१.६ टन. अमेरिकेतल्या अहवालातले १०० टन म्हणजे ९०.७ टन. पहिला फरक नजरेआड करता येईल, दुसरा नाही.

आणि एसीचा टन? तो तर वजनच नाही. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढून घेण्याची क्षमता म्हणजे एक टन. २००० पौंड बर्फ आपल्या भिंतीवर असा अदृश्य टांगलेला आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले!

आमच्या पिढीला मापे बदलण्याचा अनुभव नवा नाही. १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. दुकानदार किलोने तोलू लागला तरी घरातल्या बायका शेरानेच बोलत. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्यामुळे किलोत मूठभर जास्त येते, एवढे सर्वांना समजले होते. पण मणाचे काय? ४० शेरांचा बंगाली मण ३७.३ किलोचा, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा. ‘मणभर धान्य’ म्हणताना कुठला मण, हे बाजार गावाप्रमाणे समजून घेत असे. माणसे एकमेकांच्या ओळखीची होती, म्हणून ते निभावले.

मी बी.ए. झालेली, गणित काही माझा विषय नव्हे. पण शिक्षक कमी पडत, म्हणून पाचवी-सहावीचे गणित माझ्याकडे येई. उत्तरापुढे एकक लिहिले नाही की मी अर्धा गुण कापत असे. एकदा एक पालक रागावून आले. म्हणाले, “बाई, आकडा बरोबर आहे ना? मग किलो लिहिले काय नि न लिहिले काय!”

त्यांना तेव्हा मी समजावले, पण आज एक उदाहरण देईन. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान एडमंटनला निघाले. कॅनडात तेव्हा दशमान पद्धती नव्याने येत होती. कंपनीची जुनी विमाने पौंडांवर चालत, हे नवे किलोवर. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजले. ७६८२ लिटर निघाले. त्याचे वजन काढायला १.७७ ने गुणले, आले १३,५९७. हे किलो आहेत असे सर्वांनी मानले. पण १.७७ हा लिटरमागे पौंडांचा आकडा होता, किलोचा सुमारे ०.८. खरे इंधन सहा हजार किलोंच्या थोडे वर होते. प्रवासाला २२,३०० किलो, म्हणजे २२.३ टन हवे होते, आणि भरून झाल्यावर होते २२,३०० पौंड, सुमारे १०.१ टन. विमानातल्या संगणकालाही २२,३०० किलो असेच सांगितले गेले, आणि त्याने मुकाट्याने ते खरे मानले.

४१ हजार फुटांवर इंजिने बंद पडू लागली. कप्तान पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा सराव होता, म्हणून गिमली येथील जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर ते विमान तरंगत उतरवू शकले. ६९ माणसे वाचली. सहवैमानिकाचे आडनाव होते क्विंटल! योगायोगालाही कधी विनोद सुचतो.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. जुन्या विमानांत हा हिशेब फ्लाइट इंजिनिअर करत असे. नव्या विमानात ते पदच नव्हते, आणि मग हा हिशेब कोणी करायचा हे नीट ठरलेले नव्हते. मला तर पौंड-किलोच्या गोंधळाइतकेच हे महत्त्वाचे वाटते. गुणाकार बिनचूक होता. ‘कशाचे १.७७?’ हा पाचवीतला प्रश्न विचारणे मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते.

आता मोबाइल क्षणात रूपांतर करून देतो. जरूर घ्यावे. पण आपण नुसते ‘टन’ म्हटले तर कुठला टन, हे त्याने मनाशीच ठरवलेले असते. म्हणून एक तोंडी ताळा जवळ ठेवावा: पौंडांचे निम्मे करा, त्यातून दहावा भाग वजा करा, साधारण किलो येतात. हजाराने भागा, टन येतात. २२,३०० चे निम्मे ११,१५०, त्यातून १,११५ गेले, उरले १०,०३५. दहा टन! पट्टीच्या टोकाशी उभ्या राहून एवढे करायला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

असो. तुमच्या गावचा मण किती शेरांचा होता, खंडी किती मणांची, हे घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर आत्ताच विचारून घ्या. आणि लिहून ठेवताना एकक विसरू नका.