लोंढ्याच्या पुढे

शरद ऋतूत बेळगावात घराची दारे लावून बसणे हा गुन्हा आहे, असे आमचे जुने मत आहे. कोणत्याही संहितेत त्याला कलम सापडत नाही, एवढेच. चार महिने कोसळून पाऊस थकलेला असतो, आभाळ धुतलेल्या काचेसारखे झालेले असते, आणि शहराच्या वेशीबाहेर पडले की भातशेतांवर हिरवा रंग आणि सोनेरी रंग यांचा वाद चाललेला दिसतो. त्याचा निकाल दिवाळीपर्यंत लागतो. दसऱ्याच्या सुटीत न्यायालयाची दारे बंद होती. आमच्याजवळ कसलीच सबब उरली नव्हती. म्हणून एके सकाळी आम्ही मोटार बाहेर काढली. सौभाग्यवती, कन्या, चिरंजीव आणि आमचे वडील अण्णा असे सारे निघाले. दिवसभरात हलशी आणि लोंढा पाहून दिवेलागणीला घरी परतायचे, असा बेत होता.

अण्णांनी नुकतीच ऐंशी वर्षे पुरी केली आहेत. ते मागच्या आसनावर खिडकीशी बसले. मांडीवर एक कापडी पिशवी होती. ती डिकीत ठेवू म्हटले, तर त्यांनी नुसती मान हलवली. औषधे असतील, असे वाटून आम्ही तो विषय सोडून दिला. साक्षीदाराने मान हलवली तर आम्ही एवढ्या सहज सोडत नाही. घरच्या माणसांना मात्र आपण नीट प्रश्नच विचारत नाही.

खानापूर हे मातीचे गाव. येथली कौले आणि मडकी सर्वदूर गेली. मलप्रभेच्या पुलावर आम्ही थांबलो. बांधावर तेरडा फुलला होता, कुरडूचे गुलाबी तुरे वाऱ्यावर डुलत होते. मुलांना आम्ही या तालुक्याचे नवल सांगितले. मलप्रभा पश्चिमेकडे कणकुंबीला उगम पावते. अरबी समुद्र तेथून किती जवळ! पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेची वाट धरते, कुडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. याच तालुक्यात भीमगडाच्या रानात म्हादई जन्मते, ती मात्र सरळ गोव्यात उतरते आणि मांडवी होते. तिच्या पाण्याच्या वाटणीवर लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही. कन्येने विचारले, "मग आपण कुठल्या नदीचे?" आमचे कायद्याचे ज्ञान येथे उपयोगी पडेना. अण्णा म्हणाले, "आपले पूर्वज म्हादईच्या उलट दिशेने चढून आले, बाळ. म्हणून तर आपल्याला एवढी धाप लागते."

पुढे नंदगड लागले. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली येथेच फाशी झाली. त्याच्या समाधीपुढे हात जोडून आम्ही हलशीला गेलो. आज हलशी लहानसे खेडे आहे. एके काळी ते 'पलाशिका' होते, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. पुढे गोव्याच्या कदंबांचीही येथे सत्ता होती, आणि बाराव्या शतकातले भूवराह-नरसिंहाचे मंदिर त्याच काळाची साक्ष देत उभे आहे. पृथ्वीला उचलून धरणाऱ्या वराहापुढे चिरंजीव बराच वेळ उभे होते. आमच्या मनात आले, घाटावरचा हा मुलूख आणि घाटाखालचा गोवा एकाच राजछत्राखाली होते, तेव्हा मधल्या रानात सीमा कोठे होती? सीमांचे कज्जे आम्ही बेळगावकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या देवाने त्या सगळ्यांपेक्षा अधिक राज्ये येताना आणि जाताना पाहिली असतील.

दुपारी लोंढ्यास पोचलो. लोंढा म्हणजे स्थानक, आणि स्थानकाच्या भोवती वसलेले गाव. एक रूळ बेळगाव-मिरजेकडून येतो, एक धारवाड-हुबळीकडे जातो आणि तिसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून मुरगावच्या बंदराकडे. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली तह झाला आणि त्यातून हा तिसरा रस्ता निघाला. तो दोघांनी आपापल्या व्यापारासाठी बांधला खरा, पण आमच्यासारख्या घरांसाठी तो कुलदेवतेचा रस्ता ठरला. घाटावर पोटापाण्यासाठी पांगलेली किती कुटुंबे नारळाची पिशवी सांभाळीत याच गाडीने मंगेशीला, म्हार्दोळला, कवळ्याला गेली!

फलाटावरच्या बाकावर बसून डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात. जेवण संपले, हात धुतले, आणि आम्ही घड्याळ पाहू लागलो. तेव्हा अण्णांनी विचारले, "गाडी केन्ना येतली रे?"

"कुठली गाडी, अण्णा?"

"खालची."

मग त्यांनी पिशवी उघडली. आत एक नारळ होता आणि जुन्या पंचात गुंडाळलेला एक हिरवा खण. गुळेदगुड्डचा असावा. घड्यांच्या रेषांवर विरला होता, पण काठाचा तांबडा रंग अजून शाबूत होता.

१९५५ साली अण्णा दहा वर्षांचे होते. त्या वर्षी विषमज्वराने त्यांना पार खाटेला खिळवले. आमच्या आजीने शांतादुर्गेला नवस केला : पोर उठून चालू लागले की लोंढ्याच्या गाडीने येईन आणि स्वतःच्या हाताने ओटी भरीन. पोर उठले. पण ऑगस्टमध्ये गोव्याच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, भारत सरकारने नाकेबंदी केली आणि घाटाखाली जाणारी गाडी थांबली. आजोबांनी हे आजीला समजावून सांगितले. ती म्हणाली, लोंढ्यापर्यंत तर गाडी जाते ना? आश्विनात ती मुलाला घेऊन येथे आली आणि अशाच एका बाकावर बसून राहिली. एका हमालाने येऊन सांगितले, "बाई, पुढे गाडी नाही." ती त्याला म्हणाली, "देव बरें करूं," आणि मुलाकडे वळून, "आयज ना जाल्यार फाल्यां." पश्चिमेला हात जोडून ती संध्याकाळच्या गाडीने परतली. १९६०च्या पावसाळ्यात ती गेली. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, घरच्यांनी नव्या खणांनी देवीच्या ओट्या भरल्या. हा खण मात्र पेटीच्या तळाशी राहिला.

काही वर्षांपूर्वी पेटी आवरताना तो अण्णांच्या हाती लागला. तेव्हापासून ते दर आश्विनात म्हणत, "एकदा गाडीने कवळ्याला जाऊ." आम्ही दर वेळी म्हणत असू, "पुढल्या वर्षी नक्की." मोटारीने तर आम्ही त्यांना तीनदा नेले होते. मग गाडीचाच हट्ट का, हे कधी विचारले नाही. आज विचारले. अण्णा म्हणाले, "ती गाडीने निघाली होती ना."

तारीख मागणे हा आमचा धंदा आहे. पक्षकाराची अडचण, साक्षीदाराची गैरहजेरी, कागदांची तयारी, असे काहीही कारण दाखवून आम्ही तारीख मागतो आणि न्यायाधीश बहुधा देतात. पण घरात अर्जदार अण्णा होते, आणि न्यायाधीश व विरुद्ध पक्षाचे वकील दोन्ही आम्हीच होतो. असा खटला कोणत्या न्यायालयात टिकेल? आजीच्या 'फाल्यां'मध्ये एका सरकारची नाकेबंदी होती. आमच्या 'पुढल्या वर्षी'मध्ये काय होते? आळस, आणि वडील कायमचे आहेत अशी खुळी समजूत.

सौभाग्यवतींनी आमच्या हातून मोटारीची किल्ली घेतली. "तुम्ही दोघे गाडीने या. मी मुलांना घेऊन अनमोड घाटाने कुळ्याला येते," असे त्या म्हणाल्या. निवाडा एका वाक्यात झाला.

वास्कोकडे जाणारी गाडी आली तेव्हा साधी तिकिटे काढून आम्ही चढलो. गर्दीत एका तरुणाने अण्णांना खिडकीची जागा दिली. कॅसलरॉक गेल्यावर गाडी घाटात शिरली. उतार इतका तीव्र की चढणाऱ्या गाड्यांना मागून आणखी इंजिने लावून रेटावे लागते. बोगद्यामागून बोगदा, अंधारामागून ऊन. दूधसागर पावसाळ्याइतका रागावलेला नव्हता, तरी तीनशे मीटरवरून कोसळणाऱ्या त्या पाण्याचे तुषार खिडकीत आले. अण्णांनी पिशवी छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने खिडकीची काच खाली केली. सबंध घाटात ते एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

कवळ्याला पोचलो तेव्हा दीपमाळेच्या मागे संधिप्रकाश होता. सोळाव्या शतकात केळशीचे देऊळ उद्ध्वस्त होण्याच्या भयाने भक्तांनी देवीला साष्टीतून अंत्रुजात आणले. अठराव्या शतकात शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नांनी आजचे मंदिर उभे राहिले. सीमा ओलांडण्याचे दुःख या देवीला कोणी शिकवावे? परंतु अण्णांना वेगळीच चिंता होती. विरलेला खण देवीला चालेल का? त्यांनी तो भीत भीत पुढे केला आणि थोडक्यात हकिकत सांगितली. पुजाऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, दिव्यापाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "वस्त्र कोरेंच आसा." जुने झाले होते, पण कोणी नेसले नव्हते, वापरले नव्हते. सौभाग्यवतींनी ओटी भरली. अण्णा डोळे मिटून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

रात्री अग्रशाळेत राहिलो. सकाळी मोटारीने निघून अनमोडचा घाट चढलो. लोंढा आले तेव्हा स्थानकाकडे वळणाऱ्या रस्त्यापाशी आम्ही वेग कमी केला. आरशात पाहिले, तर अण्णांना खिडकीशी टेकून गाढ झोप लागली होती. रिकामी पिशवी शेजारी पडली होती. त्यांना उठवावे, असे आम्हाला वाटले नाही. आम्ही तसेच पुढे निघालो.