मोटारीचा खोकला

जुन्या मोटारीच्या मालकाला दोन कान दोन निरनिराळ्या कामांसाठी असावे लागतात. एक लोकांच्या टोमण्यांसाठी. तो बहिरा असलेला बरा. दुसरा मोटारीच्या आवाजासाठी. तो मात्र गवयाच्या कानासारखा तयार हवा. नवी मोटार बिघडली की डोळ्यांसमोर दिवा लावून सांगते. जुनी मोटार जुन्या वळणाच्या सासऱ्यासारखी नुसती खाकरते. त्या खाकरण्याचा अर्थ ज्याचा त्याने ओळखायचा!

आमच्या घरी 1982 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला आणि दार लावताना होणारा आवाज तिजोरीचा. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी मोठ्या आपुलकीने वर्तमानपत्रातले कात्रण आणून दिले होते. मी ते घडी घालून मोटारीच्याच खणात ठेवले.

गेल्या पावसाळ्यानंतर या बाईंना खोकला झाला. सकाळी इंजिन चालू केले की बॉनेटखालून 'फट् फट् फट्' असा कोरडा आवाज येई. चढावर तो वाढे. दहा मिनिटांत इंजिन तापले की आवाज निम्मा होई आणि कधी कधी अजिबात नाहीसा! ऐकणारे तत्काळ निदान करीत. कोणी म्हणे टॅपेट सैल झाले, कोणी म्हणे प्लग बदला, कोणी म्हणे मोटारच बदला.

त्याच सुमारास आई म्हणू लागली, "मोटारीत बसलं की डोकं जड होतं रे." आईचे वय अठ्ठ्याहत्तर. या वयात माणूस दुखण्याचे खापर वयावर फोडून मोकळा होतो, तसे तिनेही फोडले. पण घरी पायरीवर बसून तासभर भाजी निवडताना तिचे डोके कधी दुखत नसे.

आमचे मिस्त्री कसबा पेठेतले. त्यांनी इंजिन थंड होऊ दिले, मग ते चालू करून मला मागे पाठवले आणि चिंध्यांचा जाड बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरायला सांगितला. धूर मागून कोंडला तशी पुढे बॉनेटखाली 'स्स्स्' अशी शीळ वाजली. बॅटरीच्या उजेडात त्यांनी जागा दाखवली. इंजिनातला धूर जिथे बिडाच्या मॅनिफोल्डमधून खालच्या नळीत उतरतो, त्या सांध्याभोवती काजळीचा पंखा उमटला होता.

मग त्यांनी डॉक्टरांसारखा प्रश्न केला, "साहेब, घरात कोणाचं डोकं दुखतं का?"

मी आईचे सांगितले. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मग गाडी आज इथंच राहील."

त्यांनी सांगितलेले साधे होते, पण अंगावर काटा आणणारे होते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर त्यातून मिनिटाला सोळाशे धुराचे फुत्कार निघतात. सांधा फुटला की प्रत्येक फुत्कारातला थोडासा भाग तिथेच निसटतो. सांधा इंजिन आणि प्रवाशांमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ असतो. त्या भिंतीत तारांसाठी आणि पेडलसाठी भोके असतात, आणि त्यांतली रबरे चाळीस वर्षांत वाळून गळालेली. 1995 पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना धूर निवळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले; आमच्या पद्मिनीच्या नशिबी ते नाही. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो. आधी डोके जड होते, मग मळमळते, मग झोप येते. आणि ती झोप बंद काचांच्या मोटारीत कायमची ठरू शकते.

दोष बनवणाऱ्यांचा नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या लोखंडाचा होता. लोखंड रोज तापते, फुगते, निवते, आकसते. लिटरभर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघते. मोटार मंडईपर्यंतच जात-येत असेल, तर ती वाफ नळीतच थिजून आतून गंज धरते. थंडपणी आवाज मोठा आणि तापल्यावर लहान का, याचेही उत्तर त्यातच आहे: फुगलेले लोखंड आपली फट आपणच थोडी बुजवते. रोग बरा होत नाही, लपतो.

दुरुस्ती म्हणजे तीन नट सोडायचे, गॅस्केट बदलायचे आणि नट आवळायचे! पण हे तीन नट चाळीस वर्षे एकाच जागी संसार केलेले. जोर लावला तर नट सुटत नाही, स्टड मोडतो. मिस्त्रींनी संध्याकाळी तेल सोडले आणि रात्रभर मुरू दिले. सकाळी नटांना ज्योतीचा शेक दिला, मग पाना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. दोन नट सुटले. तिसऱ्याचा स्टड मोडलाच. तो गिरमिटाने पोखरून काढायला आणि आटे पुन्हा पाडायला दुपार गेली.

जुने गॅस्केट त्यांनी खरवडण्याआधी पाण्याने भिजवले. जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाला निमंत्रण. मग दोन्ही तोंडे कानशीने सपाट केली, नाना पेठेतून आणलेले ग्रॅफाइटचे नवे गॅस्केट बसवले आणि नट लावले ते पितळेचे. पितळ लोखंडी स्टडला गंजून चिकटत नाही. आवळतानाही एकच नट घट्ट न करता आळीपाळीने, थोडा थोडा. "पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर दुसरा वाढा आणायचा," मिस्त्री म्हणाले. दोन दिवस मोटार चालवून, निवल्यावर पुन्हा एकदा आवळायला बोलावले, आणि भिंतीतली रबरेही नवी घातली.

पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो. खंबाटकीचा घाट चढून गेलो तरी आईचे डोके दुखले नाही. उलट साताऱ्यात शिरताना तिने मला दोनदा रस्ता चुकवल्याबद्दल बोलणी दिली. रस्ता बरोबर होता; पण तो खणखणीत आवाज ऐकून मला वाद घालावासा वाटला नाही.

तेव्हापासून आवाज करणाऱ्या बिघाडाविषयी मला आदर वाटतो. तो वायू चोरपावलांनी येणारा. चोराची चाहूल देणारा तो खोकला तेवढा प्रामाणिक. पण आपण काय करतो? रेडिओ मोठा करतो आणि म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचंच!" म्हाताऱ्या माणसांच्या कुरकुरीलाही आपले हेच उत्तर असते. या दिवाळीत जुन्या मोटारीने गावी निघणार असाल, तर फराळाचे डबे भरण्याआधी, इंजिन थंड असताना, अंगणात उभे राहून ती काय म्हणते ते दोन मिनिटे ऐका. आणि मागच्या सीटवरून कोणी "डोकं जड झालंय" म्हणाले, तर आधी काचा खाली करा, मोटार थांबवा. वयाचा हिशेब नंतर करता येईल.